सर्वानुमते

कार्तिक वद्य २, शके १८४५

किळस आली. दुसरा शब्द सुचत नाही.

आज बाजारपंचांची सभा. आजवर आंब्यांखाली भरायची. बाजार तिथं, पंच तिथं. ज्याला ऐकायचं त्यानं भाजीची पाटी बाजूला सारून ऐकावं. आज अध्यक्ष उठले — गोवर्धनशेठ, लाकडाचे व्यापारी — आणि म्हणाले, "उन्हात डोकी तापतात. यापुढं सभा माझ्या ओसरीवर. कोणाची हरकत?"

ऊन! कार्तिकात! आंब्याच्या सावलीत!

मी म्हटलं, "माझी आहे."

"भास्करराव, उलटी टीप कापडावर चालते, पंचांत नाही." झालं! मी शिंपी पडलो ना! जव्हारातले आमचे पंच खो खो हसले. वैद्यबुवा तर डोळे पुसेपर्यंत.

"आणखी कोणाची?"

पाड्यांचे सहा पंच समोरच बसले होते. जामसरचा फागू, दाभोशाचा लाडक्या, बाकीचे चौघे. मातीत बोटानं रेघा ओढत होते. तोंडात मिठाची गुळणी!

"भास्कररावांची थट्टा सोडली तर सर्वानुमते मंजूर," शेठ म्हणाले आणि उठले.

कार्तिक वद्य ४

शेठच्या नव्या कोटाची मापं घेतली. पोट पुन्हा वाढलंय. दुकान पुढं, घर मागं, आणि दोन्ही त्यांच्याच चाळीत — त्यामुळं बोलावलं की जावं लागतं. "कंबर जरा सैल ठेवा," म्हणाले. ठेवली.

कार्तिक वद्य ९

ओसरीवरची पहिली सभा. जव्हारच्या पंचांना खुर्च्या. पाड्यांचे पंच खाली अंगणात, आमच्या वहाणांशेजारी. सुकरी भाजीवाली ऐकायला आली, तर गड्यानं तिला फाटकाबाहेर काढलं.

ठराव असा — आंब्यांखालची जागा लाकडाच्या वखारीला द्यावी. वखार कोणाची? विचारायलाच नको! आणि डोंगरातून माल घेऊन येणाऱ्या बायकांनी ओहोळाकडच्या उतारावर बसावं. म्हणजे खाटीक आतडी धुतो तिथं. तिथं बसून बायकांनी काकड्या विकायच्या!

"कोणाची हरकत?"

मी बोललो. अंगणातून चकार शब्द नाही. "सर्वानुमते."

एवढ्यानं भागलं नाही. पुढच्या बाजारी आणखी एक ठराव येणार. दर मार्गशीर्षात बाजारातले सगळे हात वर करून पंच निवडतात, तो म्हणे पोरखेळ आहे. यापुढं पंच अध्यक्षच नेमतील. म्हणजे पंच कसले, शेठचे गडीच ते!

वैद्यबुवा सुपारी चघळत म्हणाले, "अंगणवाले गप्प आहेत ना? मौन म्हणजे संमती."

शेठची चीड आलीच, पण त्या सहा जणांची जास्त आली. बकरंसुद्धा कापताना ओरडतं.

कार्तिक वद्य ११

जामसरला चालत गेलो. फागूला चार शब्द सुनावल्याशिवाय अन्न गोड लागेना.

खळ्यावर भात झोडत होता. त्याची बायको माघी सुपानं वारवत होती. तिनं पेज पुढं केली. ती बाजूला ठेवून मी आधी भांडून घेतलं. "तुझी जीभ झडली काय रे? नाही म्हणायला काय झालं होतं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आमी त नायच केला ना ता, शिंपीदादा."

"कधी?"

"गप रेहलू ना! दोनी वेळा."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. "पाड्यात बसलू का गोष्ट एकेकाकडं फिरते. ज्याला पटला तो हां बोलतो. एक जरी गप रेहला, त गोष्ट टांगली. मंग उठाचा नाय. त्याला पटवाचा, नायतर गोष्ट सोडाची."

म्हणजे हे सहाही जण दोन्ही वेळा घरी गेले ते शेठला अडवून आलो अशा समजुतीनं! माघीनं तर विचारलं, "सुकरी आंब्याखालीच बसल ना आता?" माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

आणि शेठ? त्यांचा जन्म या पाड्यांत लाकूड घेण्यात गेला. यांच्या बैठकांत मांडी घालून बसलेत. इथलं गप्प राहणं म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर "कोणाला मान्य?" असं चुकूनही विचारत नाहीत. "कोणाची हरकत?" एवढंच. शी!

फागूला म्हटलं, "पुढच्या वेळी तोंडानं नाही म्हणा."

त्यानं हातातली पेंढी रचली. "तोंडावर नाय बोलला का मानूस तुटतो, दादा. मंग त्याच्या घरचा पानी नाय, त्याचा काम नाय. शेठच्या लाकूडतोडीवर आमचा पावसाळा निघतो."

माघी वारवता वारवता म्हणाली, "तुटू दे."

कार्तिक वद्य १३

वैद्यबुवांकडं गेलो, सोनाराकडं गेलो. म्हटलं, तुम्हीही पंच आहात, बोला. "वर तक्रार करून उपयोग नाही, वर शेठचीच ऊठबस. पण सभेत तुम्ही सुरुवात करा, आम्ही आहोत मागं." दोघांचं उत्तर तेच. किती मागं, ते मात्र सांगितलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १

"यापुढं पंच अध्यक्षांनी नेमावेत. कोणाची हरकत?"

मी उठलो, म्हटलं, "माझी." मागं वळून पाहिलं. सोनाराला ढास लागली होती आणि वैद्यबुवा त्याची पाठ चोळत होते. दोघांनाही काम मिळालं!

मग अंगणात फागू उभा राहिला. "नाय." ओसरीपर्यंत पोचलं नाही, म्हणून परत म्हणाला, "नाय!" मग लाडक्या. मग बाकीचे चौघे, एकेक करून. फाटकाबाहेरून सुकरी ओरडली, "नाय!" आणि तिच्यामागं उभ्या सगळ्या बायका.

शेठचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत प्रथमच पाहिलं. पण क्षणभरच! उपरणं झटकून म्हणाले, "या गोंगाटात सभा चालायची नाही. सभा संपली."

अंगणात पाण्याचा हंडा होता. गेल्या सभेनंतर पाड्यांचे पंच तिथं पाणी पिऊन उन्हात वाटेला लागले होते. आज एकही जण हंड्याकडं गेला नाही.

संध्याकाळी दवंडी पिटली. "पंच नेमण्याचा अधिकार अध्यक्षांना — सर्वानुमते हो ऽ!" वैद्यबुवा दारात उभे राहून ऐकत होते. मला पाहून आत गेले. थू!

मार्गशीर्ष शुद्ध ८

बाजारचा दिवस, आणि बाजार नाही. आंब्यांखाली शेठचे ओंडके रचलेले. उतारावर खाटीक एकटाच. डोंगरातून भाजी नाही, जळणाची फाटी नाहीत, गवत नाही, कोंबडी नाही. माझी बायको चंपा रिकामी टोपली घेऊन परत आली. "आज चुलीवर काय शिजवू? तुमचा ठराव?"

दुपारी कळलं, सगळे गावाबाहेर शिरपामाळावर बसलेत. कोणी दवंडी पिटली नाही की कोणाला बोलावलं नाही. अर्धं जव्हार पिशव्या घेऊन तिकडं निघालं. पहिली आमची चंपा! वांगी आणली, वालाच्या शेंगा आणल्या. सुकरीनं वर मूठभर जास्त घातल्या म्हणे.

वैद्यबुवा म्हणाले, "जिथं छत्रपती महाराज थांबले तिथं आता वांगी विकणार हे लोक!" सांगता सांगता उपरण्याखाली काहीतरी लपवत होते. आवळे!

मार्गशीर्ष शुद्ध १०

शेठ दुकानात आले. कोट अंगावर. बसायला सांगण्याआधीच बसले. "हा गाळा मोकळा लागेल म्हणतो. अजून पक्कं नाही. तुमच्यावर आहे सगळं, भास्करराव." वर चंपाची विचारपूस केली, माझ्या खोकल्याची केली. असा गोड माणूस दुसरा नाही!

मी मशीन चालवत राहिलो. घाबरतो काय मी!

येत्या बाजारी शिरपामाळावर बैठक आहे. बाजार कायमचा तिथं, पंच तिथं, आणि दर मार्गशीर्षाची निवडही तिथंच सगळ्यांसमोर. लाडक्या मुद्दाम सांगायला आला. "तू पन बसाचा, दादा. जव्हारचा एक तरी हां पायजेल. एकल्या पाड्यांचा बाजार कसा व्हल?"

बसणारच! सोनाराला नि वैद्याला दाखवून देतो, तोंड कशासाठी असतं ते.

मार्गशीर्ष शुद्ध १५

गोष्ट फिरत फिरत आली. फागू — हां. लाडक्या — हां. बायकांनाही विचारलं. सुकरी — हां. मग सगळे माझ्याकडं बघू लागले. पलीकडं शेठचा मुनीम उभा होता, काही विकत न घेता. मी मातीत बोटानं रेघा ओढत राहिलो.

मग उठून घरी आलो. वाटेत वैद्यबुवांनी खांद्यावर हात ठेवला. "शहाणे आहात," म्हणाले.

ऊन कलायला लागलंय. ते अजून तिथंच बसले असतील. चंपानं माझ्या वहाणा दारात आणून ठेवल्यात, तोंडं बाहेर करून.