स्टुडिओत कॅमेरा आला

३ सप्टेंबर, मंगळवार

सोमवारपासून स्टुडिओत कॅमेरा! रेडिओच्या स्टुडिओत! साहेब म्हणाले, "हल्ली लोकांना नुसतं ऐकून भागत नाही. फोनवर बघायलाही लागतं." मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "तुला काही... अडचण नाही ना?"

अडचण कसली! म्हटलं, छे, मुळीच नाही. आणि तेव्हापासून दर तासाला आरशात बघतोय.

इतकी वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरात फक्त आवाज होतो. 'सकाळचा दादा.' पहिल्याच दिवशी तेव्हाचे साहेब म्हणाले होते, नाव-आडनाव कशाला, दादाच बरं वाटतं. मलाही बरंच वाटलं. ऐकणाऱ्यांनी आपापला दादा मनात रंगवून घेतलाय. एका बाईंच्या मते मी उंच, सडपातळ, चष्मेवाला. एका रिक्षावाल्याची खात्री आहे की मला टक्कल असणार. टक्कल! कमरेपर्यंत केस आहेत माझे, रोज विंचरून, अंबाडा बांधून, वर पगडी. पण हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. ह्याला लपवणं म्हणतात का?

४ सप्टेंबर, बुधवार

आज काकूंचा फोन. गच्चीवाल्या काकू. घरात रेंज येत नाही म्हणून गच्चीवर जाऊन फोन लावतात, मागे कबुतरं ऐकू येतात. मला 'बाळा' म्हणतात. एक दिवस फोन आला नाही तर बाकीचे ऐकणारे मला विचारतात, काकू बऱ्या आहेत ना?

आज थेट प्रक्षेपण चालू असताना म्हणाल्या, "आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनं गोदाम आहे ना, तिथे त्या पगडीवाल्यांचं काहीतरी होणारेय म्हणे. गर्दी, गाड्या, भोंगे! तू बोल ना रेडिओवर. तुझं ऐकतात लोक."

ते 'काहीतरी' म्हणजे आमचा गुरुद्वारा! बाबा दोन महिने झाले रोज तिथे जाऊन झाडलोट करतायत.

मी काय म्हणालो? म्हणालो, "काकू, आज गाणं कुठलं लावू?"

काचेपलीकडे बोका कपाळाला हात लावून बसला होता. बोका म्हणजे आमचा तांत्रिक माणूस. डोळे घारे, पावलं न वाजवता येतो, आणि कोणाच्याही डब्यातलं खातो. इथे माझा सगळ्यात जवळचा मित्र तोच.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी पगडीच्या कापडाचं दुसरं टोक धरून बायको खोलीच्या त्या टोकाला उभी. "काकूंना सांगणार आहेस का?" माझ्या हातातलं टोक सैल पडलं. "मग निदान कापड तरी नीट ओढ."

७ सप्टेंबर, शनिवार

बाबांबरोबर गोदामात गेलो. फरशी चकचकीत केली आहे त्यांनी. लंगरच्या मोठ्या पातेल्यांसाठी मागच्या बाजूला ओटा बांधून घेतलाय, परवानगीच्या आधीच! गल्लीतल्या लोकांनी हरकत घेतली नाही तरच परवानगी मिळणार, हे त्यांनाही माहीत आहे. मी म्हटलं, ओट्याची घाई कशाला? "आलेल्या माणसाला उपाशी पाठवू का?" अजून आलंय कोण, बाबा!

कॅमेऱ्याचं ऐकून तर त्यांना आनंदाचं भरतं आलं. "आता बघतील तुला. कळेल त्यांना, रोज सकाळचा चहा कोणाबरोबर घेत होते ते."

"उलटंही होऊ शकतं," मी म्हणालो.

"होऊ दे की."

होऊ दे की! ह्या माणसाचा थोडा निवांतपणा मला मिळाला असता तर? मी सगळा आईवर गेलोय. उगीचच त्यांच्यावर खेकसलो, झाडू हातातून घेतला आणि जोरजोरात कचरा काढत बसलो. कचरा नव्हताच.

८ सप्टेंबर, रविवार

उद्या कुठली पगडी? केशरी म्हणजे फारच ठळक. काळी म्हणजे दुखवटा. लेक म्हणते, "बाबा, पिवळी!" पिवळी म्हणजे सिग्नल वाटेन. पलंगावर सगळ्या पसरून बसलो होतो. बायको दारातून म्हणाली, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास."

गडद निळी ठरली.

९ सप्टेंबर, सोमवार

झालं! झालं एकदाचं!

कॅमेरा समोरच्या भिंतीवर. बोका सकाळी लवकर येऊन शिडीवर चढला होता, काहीतरी फिरवत होता. उतरून अंगठा दाखवला. मी बजावलं, लोक काय लिहितात ते मला अजिबात सांगायचं नाही. पहिल्या बातम्या वाचताना दोनदा अडखळलो.

आणि शेवटी मीच विचारलं! बोका म्हणाला, "सगळे खूश." त्याने वाचून दाखवलं — दादा, डोळे फार बोलके. दाढी शोभते. वाटलं होतं त्यापेक्षा तरुण दिसता. पगडीबद्दल एक अक्षर नाही. एक अक्षरही नाही! मी उगाच इतके दिवस स्वतःला खात होतो.

मग काकू. "बघितलं हो बाळा तुला! नातीने दाखवलं. अगदी आमच्या घरातला वाटतोस."

घराकडे चालत आलो, तीन थांबे, आणि बसची आठवणही झाली नाही. बायको म्हणाली, चल, बघू तुला. मी नाही म्हटलं. स्वतःचा आवाज ऐकताना मला कानात बोटं घालावीशी वाटतात, चेहरा कुठून बघणार! ती शिफ्टला निघून गेली, राहिलंच ते.

१० सप्टेंबर, मंगळवार

बाबांनी गुरुद्वाऱ्याच्या सगळ्या मंडळींना सांगितलंय — गल्लीतल्या काकू आता आपल्या बाजूच्या. मीच म्हणालो होतो तसं. रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी जाणार आहोत, आमंत्रण द्यायला.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काही कळेनासं झालंय.

काकू आज पुन्हा गोदामावर घसरल्या. "त्यातला एक म्हातारा रोज येतो, झाडतो, जणू बापाचीच जागा." (माझा बाप!) मी गाण्यांची यादी उगाच खालीवर करत राहिलो. मग म्हणाल्या, "तुझ्यासारखी माणसं आली असती तर प्रश्नच नव्हता रे बाळा."

माझ्यासारखी? मला बघितलंय ना त्यांनी? की त्या हे मुद्दाम बोलतायत? की मी त्यांच्यासाठी वेगळा धरला जातोय, आपला तेवढा चांगला आणि बाकीचे...? दिवसभर हेच. दुपारी जेवताना वरण पाण्याच्या ग्लासात वाढून घेतलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

लेकीला म्हटलं, दाखव गं मला तो व्हिडिओ.

मी आहे. माईक आहे. डोळे, नाक, दाढी. चित्र भुवयांच्या वर संपतं.

सोमवारचं, मंगळवारचं, रोजचं तसंच. निळी, राखाडी, मेंदी रंगाची — एकही पगडी कोणीही बघितलेली नाही.

लेक म्हणाली, "बाबा, तुमचं डोकं कुठंय?"

बोक्याला जिन्यात गाठलं. नाकारलंही नाही त्याने. "साहेबांचा काही संबंध नाही. मी केलं. तुझ्यासाठी केलं रे! काकू काय बोलल्या ते ऐकलं होतंस ना? फाडून खाल्लं असतं लोकांनी तुला. आता बघ, पाच दिवसांत एक तरी वाईट शब्द?"

नाही. एकही नाही. तेच तर! माझ्यावर माया आहे म्हणून त्याने मला कापलं. रागावू तरी कसा? पण रागावलोय. फार. म्हटलं, कॅमेरा वर कर. म्हणाला, साहेबांना विचारून सोमवारी बघू.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी काकूंकडे जाणं पुढे ढकललं, पाय मुरगळला म्हणून. कसला पाय!

१४ सप्टेंबर, शनिवार

बायको: "चिडलायस की घाबरलायस?" दोन्ही.

१६ सप्टेंबर, सोमवार

बोका म्हणाला, साहेब रजेवर, उद्या बघू. मी 'बरं' म्हटलं. पहिलं गाणं चालू असताना खुर्चीची कळ दाबली आणि खाली गेलो. पार खाली. गुडघे टेबलाला लागले, माईक हनुवटीपाशी ओढून घेतला. समोर फोन ठेवून खात्री केली — पिवळी, पूर्ण. बोका काच ठोठावत होता. बघितलं नाही त्याच्याकडे.

काकूंचा फोन आला. "बाळा —" आणि थांबल्या. नातीच्या फोनवर मला बघत असणार. मी म्हणालो, "काकू, गोदामातलं ते काहीतरी आमचं आहे. झाडणारे म्हातारे माझे बाबा आहेत."

कबुतरं ऐकू येत होती. सगळं गाव ऐकत होतं. पण फोन काकूंनी ठेवला नाही.