रेडियमच्या सात पट्ट्या

प्रिय ठकूबाई,

पोचलीस का नीट? तुझ्या आईने सकाळपासून तीनदा विचारलं, म्हणून आधी तेच विचारून टाकतो. शनिवारपासून मी गल्लीत जरा छाती काढूनच चालतो आहे. दूधवाल्याला सांगून झालं, चष्मेवाल्याला सांगून झालं, की आमच्या मुलीला बँडने कायमची कीबोर्डवाली म्हणून घेतलं. आई म्हणते, आता पुरे, लोक रस्ता बदलायला लागलेत. बदलू देत!

खरं सांगू, मला शनिवारची धास्तीच होती. गेल्या वर्षी दोन गाण्यांच्या मधे दिवे घालवले आणि त्या दहा सेकंदांच्या अंधारात आवाज बदलायच्या पायाखालच्या बटणांपैकी भलत्याच बटणावर तुझा पाय पडला. हळुवार गाण्याच्या सुरुवातीलाच भोंगा वाजला, सगळं सभागृह खो खो हसलं. तू कीबोर्ड माळ्यावर टाकलास आणि वर्षभर त्याचं नाव काढलं नाहीस. म्हणून हे लोक जेव्हा म्हणाले, एक कार्यक्रम वाजवून दाखव, जमलं तर राहा, तेव्हा तुझ्याआधी मलाच तो भोंगा आठवला.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण अक्षरं? तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या मी. छापील बोर्ड आले, माझे ब्रश डब्यात गेले, आणि तेव्हापासून कुणी म्हणालं नव्हतं, पेंटर, जरा लिहून द्या. तू म्हणालीस. पायाशी सात बटणं, सातांना सात नावं, अंधारात दिसतील अशी. नावं तरी काय काढलीस गं! सगळ्यात कर्कश बटणाला 'आत्या'. माझ्या बहिणीच्या हाती हे पत्र लागलं नाही म्हणजे मिळवली. रेडियमच्या रंगाने एकेक अक्षर मी तब्येतीत काढलं. आधी उजेड पाजल्याशिवाय तो रंग चमकत नाही, म्हणून आई टॉर्च धरून बसायची आणि विचारायची, भरलं का पोट पट्ट्यांचं? त्या चिकटवून मी तुला दाखवल्या. तू मान तिरकी करून बघितलंस, मग म्हणालीस, बाबा, झकास. ते मान तिरकी करणं मी कौतुकाचं समजलो.

शनिवारी मी सज्ज्यात अगदी समोर बसलो होतो. सभागृह लहान, त्यामुळे दिवे गेले तरी खाली 'आत्या' स्वच्छ वाचता येत होतं. माझं मलाच कौतुक वाटलं. चौदा गाणी, मधले तेरा अंधार, आणि तुझा पाय एकदाही चुकला नाही. शेजारच्या बाईंनी काही विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं, ती माझी मुलगी.

मग तुम्ही सामान गाडीत भरत होतात तेव्हा तुमचा साउंडवाला माझ्याकडे आला. म्हणाला, काका, कमाल आहे तुमच्या मुलीची, सगळं उलटं वाचते. तो पाच मिनिटांत नवीन पट्ट्या लावून देत होता, पण तू हात लावू दिला नाहीस, म्हणालीस, बाबांचं अक्षर आहे. मी वाकून बघितलं. जन्मभर पाटी लिहिली ती समोरच्या गिऱ्हाइकासाठी. वाजवणारी मागच्या बाजूला उभी असते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. घरी आल्यावर आईनेही कबूल केलं, की पंधरा दिवस तू दुपारी पडदे ओढून ती उलटी अक्षरं पाठ करत होतीस. अगं वेडे, तुझं सगळं त्या एका कार्यक्रमावर होतं, आणि तू माझं मन सांभाळत बसलीस! रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. माझ्या कामाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता. गाडी सुटताना सांगायचं होतं, की मला तुझा फार अभिमान वाटतो, पण तोंड उघडलं असतं तर चारचौघांत रडलो असतो. म्हणून हे पत्र. सोबत नवीन सात पट्ट्या पाठवतो आहे, तुझ्या बाजूने लिहिलेल्या. जुन्या ओरबाडून काढ आणि फेकून दे. जपून ठेवल्याचं कळलं, तर माझ्याशी गाठ आहे.

तुझाच,
बाबा

ता. क. ड्रमवाल्यालाही पट्ट्या हव्यात म्हणे. तो नक्की कुठल्या बाजूने बसतो, ते आधी कळव.