करडीच्या मंडईत पाहिलेली पोरगी

शनि., २५ ऑक्टो., चिखला
सॅम्पल रूममध्ये दिवसभर दगड कुटले. कुटायचे, चाळायचे, पुडीत भरून नंबर टाकायचा. खाणीतून येतो तो दगड काळा, माझी नखंही काळी. साबणाने जात नाहीत, मी पण नाद सोडला. जेवणानंतर खिडकीपाशी बसले आणि समोरच्या ढिगावरचं ऊन सरकताना बघत राहिले. दोन पुड्यांवर नंबर टाकायचेच राहिले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं लक्ष कुठं राहते?" मला कुठं माहीत!

उद्या करडी. वैशूच्या मामांच्या गावी मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. वैशू नाकाडोंगरीच्या दवाखान्यातून ड्यूटी करून आली ती नाचतच. "चाल वं, रविवार खोलीत काढशीन का? मामीनं तुले पण बलावलं." एका खोलीत राहतो आम्ही, एकाच ताटात जेवतो, पण तिचे मामा-मामी मी अजून पाहिलेले नाहीत. स्कूटी तिची, मागची सीट माझी.

रवि., २६ ऑक्टो.
रस्ताभर धान. कुठे उभं, कुठे कापून वावरात पसरलेलं. मी डोळे मिटून बसले. वैशू ओरडली, "झोपू नको, पडशीन!" झोपले नव्हते. ऊन पापण्यांवर घेत होते.

करडीत पाय ठेवायला जागा नाही. पाळणे, जिलबी, फुगे. चौकात दंडार, लुगडं नेसलेले बाप्ये काय नाचत होते! घरोघरी पाहुणे. मामांच्या घरापर्यंत पोचलो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वैशू म्हणाली, "तू बस खाटेवर, मी बांगड्या पाहून येतो."

मामी मागे परसात वडे तळत होत्या. ओसरीवर मी एकटी. तेवढ्यात तिघं आले. टोपीवाले काका, काकू आणि एक मुलगा. काका म्हणाले, "मामाजी दंडारीत भेटले. म्हणे घरी जा, पोरगी हायेच." मला वाटलं, पाणी द्यायला घरात कोणी आहे एवढंच. दिलं पाणी. काकू जवळ बसल्या. "नोकरी चिखल्याकडंच ना?" हो म्हटलं. "सैपाक येते?" भरली वांगी बरी होतात म्हटलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मी नखं मुठीत लपवली.

मुलगा वर छपराकडे बघत होता. म्हणाला, "हे वायर ढिली हाये. वारं आलं का ठिणगी पडन." लाइनमन निघाला. मी म्हटलं, मंडईत पण ड्यूटी? तो हसला. "खांबावर चढलो का बरं वाटते. कोणी आवाज नाही देत." मग मी विचारलं, वरून सगळ्यात छान काय दिसतं?

तो विचार करत बसला. खरंच बसला. काकूंनी पानाची चंची काढली, बांधली, तरी विचारच. मग म्हणाला, "सकाळी धुकं राहते ना, तवा गावं बुडून जातात. झाडाचे शेंडे तेवढे वरतं. मी अन् शेंडे."

असलं काही विचारलं की लोक मला वेड्यात काढतात. याने उत्तर दिलं.

चहाला थांबले नाहीत, आणखी दोन घरी जायचं होतं त्यांना. नाव विचारायचं राहिलं. वैशू हिरव्या बांगड्या भरून आली, माझ्यासाठी चप्पल घेऊन. माझ्या मापाची, न विचारता.

मंगळ., २८ ऑक्टो.
ऑफिसच्या वाटेवर खांब किती आहेत! इतके दिवस दिसलेच नव्हते. एकाखाली उभी राहिले. तारेवर कोतवाल पक्षी बसला होता, शेपटी हलवत.

वैशूला काही सांगितलं नाही. सांगितलं की ती चिडवणार, आणि चिडवून झालं की गोष्ट साधी होऊन जाणार. थोडे दिवस माझीच राहू दे.

शुक्र., ३१ ऑक्टो.
मामांचा फोन. वैशू स्पीकर लावून भांडी घासत होती. "मंडईत पाहुणे पाहून गेले, पोरगी पसंत हाये म्हणतात."

वैशूच्या हातातलं पातेलं तसंच. "मले कवा पाहिलं, मामा?"

"मंडईत का सांगून पायतात? तुले सांगितलं असतं तं तू अकडून बसली असतीस."

खरंय ते. आमच्याकडेही मंडईत असंच पाहतात, गर्दीत, बोलता बोलता. पोरीला मागून कळतं. वैशूने लगेच जुळवलंसुद्धा. "बांगड्याच्या दुकानात एक बाई मले सारखी पाहून राहिली होती. तेच असन!"

पोरगा जवळच्याच गावचा, मंगेश नाव. लाइनमन.

मी शेंगा सोलत होते. सोलतच राहिले. म्हटलं, छान झालं.

याआधी दोन ठिकाणचे लोक वैशूला पाहून गेले आणि मग त्यांचा निरोपच नाही आला. तेव्हा ती आठवडाभर केस नुसते बांधून जायची. आज आरशासमोरून उठेचना.

रवि., २ नोव्हें.
नाकाडोंगरीच्या पुढे जंगलात गेलो. तळ्याच्या पाळीवर बसून चिवडा. पाण्यात आभाळ होतं, मी त्यात बघत होते. वैशू पाय हलवत म्हणाली, "लाइनमनची बायको म्हणजे वारा-वादळ आलं का एकटीच ना वं?" मग स्वतःच, "राहीन मी. दवाखान्यात नाईट करतोच ना."

तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चिवड्यात मीठ कमी आहे म्हटलं.

मला तो आवडलाय. एका उत्तरावर कोणी आवडतं का? आवडलाय पण. लिहून टाकलं.

बुध., ५ नोव्हें.
रविवारी रीतसर पाहायला येणार. करडीलाच, मामांकडे. वैशू म्हणते, "साडी तूच नेसवून देजो. तुह्याशिवाय मी नाही जात."

मी गेले तर काकू मला ओळखणार. नाही गेले तर त्यांच्यासमोर दुसरीच पोरगी येऊन बसणार, आणि सगळ्यांदेखत त्या म्हणतील, ही नाही. वैशूच्या तोंडावर म्हणतील. हे मी डोळ्यांसमोर आणते आणि चाळणी हातात तशीच राहते. साहेब आता बोलायचेही थांबलेत.

सांगावंच लागेल. त्याआधी.

शुक्र., ७ नोव्हें.
सांगितलं. बाजारातून येताना, स्कूटीवर, मागे बसून. तिची पाठच दिसत होती म्हणून जमलं.

तिने गाडी थांबवली. सागाखाली. वळली नाही.

"पाणी तू देल्लं?"

हो.

"तो बोलला तुह्याशी?"

हो.

"काय?"

धुक्याचं सांगितलं. गावं बुडतात ते. शेंड्यांचं. सांगताना माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे. तिला तेवढ्यावरूनच सगळं कळलं असणार.

तिने गाडीचा आरसा उगाच नीट केला. मग म्हणाली, "चप्पल मी आणून देल्ली तुले." आणि गाडी सुरू केली.

खोलीवर आल्यावर माझ्याकडे न बघता तांदूळ धुतले. भात मात्र दोघींचा लावला.

शनि., ८ नोव्हें.
सकाळी वैशूने अंगणात जाऊन मामांना फोन केला. पाठमोरी होती. मला ऐकू आलं नाही, आणि मी कान दिला नाही असंही नाही.

संध्याकाळी मामींचा फोन, मलाच. मला वाटलं आता शिव्या. पण त्या नुसत्या थकलेल्या वाटल्या. "पाहुण्यायले इचारलं, बाई. ते म्हणतात, आमी तं ओसरीवरच्या पोरीलेच पसंत केली. पोट्टा पण तेच म्हणते. आता तुह्या बाबाचा नंबर मांगून राहिले. म्या भाचीच्या तोंडाकडं पाहू का पाहुण्यायच्या, तूच सांग."

पोट्टा पण तेच म्हणतो. हे ऐकून मला आनंद झाला. लाज वाटली, पण आधी आनंदच झाला.

म्हटलं, मामी, वैशूला विचारते आणि मग सांगते.

रवि., ९ नोव्हें.
आज करडीला जायचं होतं. कोणीच कुठे गेलं नाही. ऊन छान होतं, रविवारचं.

वैशू न्हाऊन पायरीवर केस वाळवत बसली. मी शेजारी, एक पायरी खाली. समोर कॉलनीतली पोरं पतंगीमागे धावत होती. मी म्हटलं, मामी बाबांचा नंबर मागतात. देऊ का?

ती बोटांनी गुंता सोडवत राहिली. एक बट, मग दुसरी.

"दे ना," म्हणाली. "अन् मामीले माह्याकडून सांगजो, वैशूले पोरगा पसंत नाही पडला."

उठून आत गेली, वांगी चिरायला बसली.

तिने त्याला एकदाही पाहिलेलं नाही.

मामींचा नंबर काढून मी अजून पायरीवरच आहे. लावलेला नाही.