रंग आला की थांबायचं

३ मार्च, सोमवार. सकाळी.

नवी वही. आजपासून शांत राहायचं. मुळात मी शांतच आहे, लोकांच्या ते लक्षात येत नाही इतकंच.

परिस्थिती अशी: डिग्रीचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. गेल्या वर्षी टायट्रेशनमध्ये गेलो. टायट्रेशन म्हणजे काय, तर वर ब्युरेटच्या उभ्या नळीत अल्कली, खाली फ्लास्कमध्ये अ‍ॅसिड. नळीची चावी फिरवून अल्कली खाली सोडत राहायची आणि रंग आला की थांबायचं. झालं! हे शेंबडं पोरही करेल. म्हणूनच माझ्या हातून झालं नसावं. फार सोप्या कामात माझं मन लागत नाही.

२० तारखेला परीक्षा. पास झालो की पाणी तपासणी केंद्रातली नोकरी माझी. तिथल्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत जागा अडवून ठेवलीय. बाबांनी सगळ्या ओळखीच्यांना सांगून टाकलं आणि माझ्यासाठी दोन शर्ट शिवायलाही टाकले. आई म्हणाली, आधी पास तर होऊ द्या. आईचा स्वभाव मुळातच शंकेखोर.

संकल्प. एक: घाई बंद. दोन: लॅबच्या दाराशी पहिल्या आलेल्यांच्या नावांचा बोर्ड आहे, त्यावर नाव लावायचं. या लॅबमध्ये माझं नाव राहिलं पाहिजे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

लॅबच्या सरांना सगळे 'तीस सेकंद' म्हणतात. फ्लास्कमधला रंग फिकट गुलाबी हवा आणि तो तीस सेकंद टिकला पाहिजे, हे ते झोपेतसुद्धा म्हणत असतील. मला जोडीला एक मुलगी दिलीय. एका वर्षाने मागची आहे. चावी इतकी हळू सोडते की तिला सगळे थेंबी म्हणतात. तिला मी मार्गदर्शन करायचं ठरवलंय.

माझा रंग गुलाबी आला नाही. राणी आला. सर म्हणाले, वा, यात आता घरचे पडदे बुडवून घे. सगळे हसले. सरांना रंगांची बारीक जाण दिसत नाही.

५ मार्च, बुधवार.

पुन्हा राणी. दोनदा. चावी सैल आहे.

गॉगलवरून वाद. मी घातला होता, पण कपाळावर. डोळ्यांवर घातला की वाफ धरते आणि मग रंग कसा दिसणार? सर म्हणाले, अरे, अ‍ॅसिड उडालं तर ते कपाळ शोधत येत नाही. मी म्हटलं, सर, मी सावध असतो. एवढं म्हणेपर्यंत माझ्या कोपराने वॉश बॉटल पडली. पाणीच होतं. सरांच्या बुटात गेलं, पण पाणीच होतं.

७ मार्च, शुक्रवार.

आज एक किरकोळ प्रकार झाला. पिपेटमध्ये अ‍ॅसिड ओढायला रबरी फुगा असतो. तो दाबा, सोडा, पुन्हा दाबा. माझा जीव वर-खाली व्हायला लागला. मी सरळ तोंडाने ओढलं. अ‍ॅसिड आलं तोंडात. सौम्य असतं हे मला माहीत होतं, तरी तोंडचं पाणी पळालं. म्हणजे उलट, तोंडात आलं.

सरांनी सगळ्यांसमोर नळाखाली चुळा भरायला लावल्या. आणि भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचायला लावला: 'पिपेट तोंडाने ओढू नये.' 

भिंतीवर असे बरेच नियम आहेत, प्रत्येकाचं अक्षर वेगळं. 'अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतू नये.' 'केस बांधावेत.' 'बाटलीला लेबल लावल्याशिवाय ती खाली ठेवू नये.' थेंबीने सांगितलं की ही लॅबची जुनी पद्धत आहे. आधी कुणी केलीच नव्हती अशी चूक जो पहिल्यांदा करतो, त्यानेच तो नियम भिंतीवर लिहायचा. 

बिचारे! बाहेर कुणी कितीही मोठे झाले असतील, इथे मात्र आपली फजिती कायमची टांगून गेलेत. मला अशा माणसांची कीव येते.

१० मार्च, सोमवार.

लॅबमध्ये वातावरण पोषक नाही. घरीच सराव करायचा. जांभळा कोबी उकळून त्याचं पाणी काढलं. त्यात व्हिनेगर टाकलं की ते लाल होतं आणि धुण्याचा सोडा टाकला की निळं-हिरवं. शुद्ध विज्ञान. आईच्या औषधाच्या ड्रॉपरची ब्युरेट केली. आई म्हणाली, कोबी भाजीला आणला होता. मी म्हटलं, आई, नोकरी महत्त्वाची की भाजी? ती म्हणाली की आज तरी भाजी. 

तीन ग्लास बिघडले, टेबलावर डाग पडले. रंग येतो तो एकदम येतो. मधला रंग कुठे जातो हेच कळत नाही. थेंबीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, मधला रंग थांबणाऱ्याला दिसतो. फार बोलते.

उरलेलं कोबीचं पाणी एका बाटलीत व्हिनेगरसकट, दुसरीत सोड्यासकट भरून फ्रिजमध्ये ठेवलं.

१२ मार्च, बुधवार.

व्हिनेगरची बाटली अर्धी. काल बाबा प्यायले, आज पुन्हा बाबा. त्यांना वाटलं, आईने त्यांच्या पोटासाठी काढा केलाय. म्हणाले, आंबट आहे पण हलकं वाटतंय. आई माझ्याकडे पाहत राहिली. व्हिनेगर आणि कोबी, दोन्ही खाण्यातलेच, म्हणून काही झालं नाही. पण सोड्याची बाटलीही शेजारीच होती हे मी कुणाला सांगितलं नाही.  

दोन्ही बाटल्यांना लेबलं लावली. भिंतीवरचा नियम वाचून नाही, माझं मला सुचलं.

१४ मार्च, शुक्रवार.

संयमाचा सराव. आई म्हणाली, दूध वर आलं की गॅस बंद कर. मी हातात घड्याळ घेऊन उभा. हात शिवशिवत होते, पण हलवले नाहीत. दूध वर आलं. मी तीस सेकंद थांबलो.

आईला हे समजावता आलं नाही. ओटा पुसून दिला. सराव मात्र उत्तम झाला.

१८ मार्च, मंगळवार.

आला! फिकट गुलाबी! आहे की नाही असा वाटणारा, तोच रंग. टिकला. पुन्हा केलं, जवळजवळ तेच रीडिंग. सर दोन्ही आकड्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा आकड्यांकडे. म्हणाले, हे तू केलंस? मी म्हटलं, सर, मी मुळात शांत आहे. 

थेंबीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, मी तिला पाणी तपासणी केंद्राबद्दल सांगण्यात गुंगलो होतो, म्हणून हाताला घाई करायला सवड मिळाली नाही. मी सांगत होतो की तिथे दिवसभर लोकांना नव्हे, खरोखर पाण्यातच पाहायचं असतं. ती हसली. हसताना बरी दिसते. हे नोंदवायचं कारण नाही, तरी नोंदवलं.

एक अडचण मात्र राहते. रंग येण्यासाठी फ्लास्कमध्ये इंडिकेटरचे दोन थेंब टाकावे लागतात, आणि त्याची बाटली सगळ्यांत मिळून एकच, मधल्या टेबलावर. सगळी टोळी तिथे रांगेत. माझं अर्धं डोकं त्या रांगेत तापतं. परीक्षेच्या दिवशी यावर काहीतरी केलं पाहिजे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच शिंप्याला फोन करून शर्ट कुठवर आले ते विचारलं.

२० मार्च, गुरुवार. सकाळी.

परीक्षा. रांगेवर तोड निघाली. लॅब उघडली की सगळ्यांत आधी आत जायचं आणि इंडिकेटरची बाटली एप्रनच्या खिशात टाकायची. काम झालं की परत जागेवर. यालाच दूरदृष्टी म्हणतात. 

गॉगल डोळ्यांवर. आईने डबा दिला. बाबा दारापर्यंत आले.

त्याच दिवशी. परीक्षेत, रफ कागदावर. (नंतर इथे चिकटवला.)

सगळं ठरल्याप्रमाणे. बाटली घेतली. ब्युरेट अल्कलीनेच विसळली, फ्लास्क नुसत्या पाण्याने. फनेल काढून ठेवलं. अ‍ॅसिड फुग्याने ओढलं, तोंडाने नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम दोनदा मागून गेल्या. चष्मा दोरीला बांधलेला. एकही चूक सापडली नाही त्यांना.

आता थेंब थेंब. थेंबीपेक्षा हळू.

अजून रंग नाही. हरकत नाही. मी शांत.

इंडिकेटरची बाटली सापडत नाहीये म्हणे. सर टेबलाखाली वाकून बघतायत. मुलं कुजबुजतायत. परीक्षेच्या दिवशी एक वस्तू सांभाळता येत नाही यांना! सरांनी शेवटी स्टोअरमधून दुसरी आणली. मी मान वर केली नाही. 

रंग नाही. मला दिलेलं अ‍ॅसिड कडक दिसतंय. 

ब्युरेट संपली, पुन्हा भरली. घाई नाही. आयुष्यात इतका शांत मी कधीच नव्हतो. आतून गाणं म्हणावंसं वाटतंय. थेंबी समोरून भुवया उंचावून काहीतरी खुणावतेय, स्वतःच्या खिशावर हात मारतेय. मी मान हलवून नाही म्हटलं. परीक्षेत खाणाखुणा करत नाही मी.

बाकीचे निघाले. मी थांबलोय. मधला रंग थांबणाऱ्याला दिसतो.

त्याच दिवशी. दुपारी, कॅन्टीनच्या मागे.

लिहायचं नव्हतं.

मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, बाळा, इंडिकेटर घातलास का? मी म्हटलं, हो मॅडम. आणि कपाळाचा घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला.

हातात बाटली आली.

कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मॅडम म्हणाल्या, घाल आता. मी घातले दोन थेंब. फ्लास्क असा राणी झाला की तसा जन्मात पाहिला नव्हता. तीस सेकंद काय, अजूनही तसाच असेल.

डबा उघडला नाही.

२४ मार्च, सोमवार.

नापास. एकटाच.

फेरतपासणीचा अर्ज करायचा विचार आहे. मुद्दा असा की तंत्र निर्दोष होतं. चावी, पिपेट, गॉगल, संयम, सगळं. राहिले ते फक्त दोन थेंब. दोन थेंबांसाठी कुणी माणसाला अडवतं का?

आज शर्ट आले. बाबांनी कपाटात ठेवताना म्हटलं, राहू देत, शर्ट काही नासत नाहीत. मग पंख्याकडे बघत बसले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्यांनी रागावायला हवं होतं, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं.

२६ मार्च, बुधवार.

थेंबी भेटायला आली. पाणी तपासणी केंद्राच्या साहेबांनी कॉलेजात दुसरं नाव विचारलं होतं, सरांनी तिचं सुचवलं. तिला म्हणे फार अवघडल्यासारखं झालं, आधी तुला विचारते असं सांगून आली. मी तिला ती नोकरी घेऊ दिली. शेवटी घडवली मीच तिला.

ती म्हणाली, मी तुला खिसा दाखवत होते रे. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, मग? मी विषय बदलला.

ती गेल्यावर बराच वेळ दाराशी उभा होतो. कशासाठी ते कळलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार.

सरांनी लॅबमध्ये बोलावलं. मला वाटलं, काहीतरी मार्ग निघाला. घाईघाईत गेलो, म्हणजे वेळेवर गेलो.

लॅब रिकामी. सरांनी माझ्या हातात ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा दिला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. शेवटच्या नियमाखाली जागा होती. म्हणाले, इतकी वर्षं झाली, पण हे कुणी केलं नव्हतं.

मी स्टुलावर चढलो. एकेक अक्षर सावकाश काढलं. मधेच थांबलो, पाहिलं, पुन्हा काढलं. सर मागे उभे होते, अजिबात घाई करत नव्हते. 'इंडिकेटरची बाटली खिशात ठेवू नये.' 

अक्षर चांगलं आलं. सरांनी घड्याळात पाहत रंग ओघळतो का ते तपासलं. नाही ओघळला. म्हणाले, टिकेल हा.

मी विचारलं, खाली नाव लिहू का?

सर म्हणाले, गरज नाही रे, सगळ्यांना माहीत आहे.