काळी चार

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
कीबोर्ड आला. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय: सहाशे आवाज. मी दोनदा वाचलं. विनोदिनीनं एकदाही नाही. रिकामा खोका माळ्यावर मावेल का, एवढंच ती बघत होती.

हेतू आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. १८ जानेवारीला आष्ट्याला तात्यांची पंच्याहत्तरी. तात्या म्हणजे विनोदिनीचे थोरले भाऊ लालासाहेब, मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर. ते पेटी वाजवायचे आणि ही गायची. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, आणि तेव्हापासून हिचंही गाणं बंद. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. आता तात्यांनी एकच मागितलंय, पंच्याहत्तरीला विनूनं त्यांच्या आईचा अभंग म्हणावा. मी फोनवर लगेच सांगून टाकलं, साथ मी करणार. पलीकडे तात्यांनी फोन चंद्रावहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात दिला. भारावले असावेत.

मला वाजवता येत नाही, हा मुद्दा गौण. सातारा स्टँडवर मी एसटीचा वाहतूक नियंत्रक होतो आणि माइक माझ्याच हातात असायचा. आवाजाच्या क्षेत्रात हयात गेली माझी.

योजना: आधी सगळे आवाज ऐकायचे. त्यातून विनोदिनीच्या गळ्याला शोभेल असा निवडायचा. मग वाजवायला शिकायचं. क्रम महत्त्वाचा.

विनोदिनी म्हणाली, आवं, मला काळी चार द्या नुसती, मी गाते. मी दोन्ही हातांनी चार काळ्या पट्ट्या एकदम दाबल्या. ती आत निघून गेली.

४ नोव्हेंबर
पहाटे पाचला उठायचं ठरलं होतं. साडेसातला उठलो. थंडी.

काळी चारचा खुलासा झाला. काळ्या पट्ट्यांतली चौथी. तो तिचा सूर. तात्या पेटीवर तीच धरायचे. ती दाबून ठेवायची, बाकी ती बघून घेते म्हणाली. मी विचारलं, सहाशे आवाजांचं यंत्र काय एक पट्टी दाबायला आणलंय? ती भाजी निवडायला बसली. पटलं असणार.

सुरुवातीचे सगळे आवाज पियानोचेच. ग्रँड पियानो, ब्राइट पियानो, हाँकी टाँक पियानो. फरक सूक्ष्म आहे. सामान्य माणसाला कळणार नाही. मलाही उद्या परत ऐकावे लागतील.

९ नोव्हेंबर
इंडियन विभाग उरकला. सतार: ठीक. सनई: शक्यता आहे. तानपुरा: तेच तेच. हार्मोनियम: ही तर पेटी! पेटीच वाजवायची तर कीबोर्ड कशाला घ्यायचा? बाद.

एकूण प्रगती समाधानकारक. पाठ दुखते.

१३ नोव्हेंबर
अखेर पहाटे उठलो, तर ही भानगड. अंधारात बटण दाबलं ते स्पेशल इफेक्टच्या विभागात गेलं. एक पट्टी दाबली, तर बंदुकीचा बार. खात्री करायला आणखी दोन दाबल्या. खालच्या मजल्यावरचे हंबीरराव बनियनवर वर आले. तेही माजी सैनिक. म्हणाले, आवं अवधूतराव, पहाटं पहाटं गोळीबार कसला लावलाय, मी पलंगाखाली गेलो की! मी शांतपणे सांगितलं, हा संशोधनाचा भाग आहे. ते म्हणाले, आमच्या गावाकडं ह्याला दुसरं नाव हाय.

याच विभागात हेलिकॉप्टर, टेलिफोन, समुद्र आणि टाळ्या आहेत. टाळ्या फार छान आहेत. संध्याकाळी थोडा वेळ त्याच ऐकल्या.

पहाटेचा संकल्प रद्द. कारण: शेजारधर्म.

२० नोव्हेंबर
पुण्याहून वल्लरीचा फोन. आमची मुलगी, पण बोलते आईच्या सासूसारखी. विचारत होती, बाबा, अभंग बसला का? म्हटलं, सध्या निवड प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं. आजच्या पिढीला मेहनत नको.

तरी यूट्यूबवर पहिला धडा बघितला. शिकवणारा म्हणतो, अंगठा सा वर ठेवा. कुठला सा, ते सांगत नाही. बंद केला.

२९ नोव्हेंबर
आज एक घटना. मी स्ट्रिंग्ज, म्हणजे तारवाद्यांच्या विभागात होतो. विनोदिनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि एकदम गुणगुणायला लागली. आईचाच अभंग. तीन वर्षांनी. भाकरीची थाप आणि तो आवाज. मी हात उचलला नाही, पट्टी तशीच धरून बसलो. दोन ओळी झाल्या. तिसरीला मला वाटलं, इथं सनई खुलेल. बटण दाबलं. सनई आली, पण पाठोपाठ ड्रमही आले. ती थांबली.

मी आत जाऊन सांगितलं, गा की, मी सेटिंग बघतो. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, भाकरी करपली.

चूक यंत्राची आहे. ड्रमचं बटण सनईच्या बटणाला चिकटून दिलंय.

६ डिसेंबर
दुपारी परत इफेक्ट विभाग तपासत होतो. टेलिफोनचा आवाज हुबेहूब आहे. इतका, की मधे खरा फोन वाजला तो मी कीबोर्डचाच समजलो. पट्टी सोडली तरी वाजत होता. मला वाटलं, सस्टेन, म्हणजे सूर लांबवायचं बटण, अडकलं. मॅन्युअल काढून वाचत बसलो.

विनोदिनी बाजारातून आली तेव्हा कळलं. फोन आष्ट्याहून चंद्रावहिनी करत होत्या. तात्यांना परत झटका आला. सांगलीला दवाखान्यात नेलंय.

तिनं एक पिशवी भरली आणि मिळेल त्या गाडीनं गेली. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, तुमी नका. एवढंच. रागावून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१० डिसेंबर
घरी एकटा. सकाळी पोहे, रात्री पोहे. या काळात कसून सराव करायचं ठरवलं आहे. कीबोर्डवर कापड घातलंय ते अजून काढलेलं नाही.

हंबीररावांनी वर येऊन विचारलं, आज आवाज न्हाई, बरं हाय न्हवं? आणि भाजीची वाटी ठेवून गेले.

१५ डिसेंबर
विनोदिनी आली. डोळे खोल गेलेत. तात्यांना घरी सोडलंय, पण बोलणं जड झालंय, शब्द कळत नाहीत. पंच्याहत्तरीला मांडव वगैरे काही नाही, घरातल्या घरात, खाटेशेजारीच. डॉक्टर म्हणाले, जे करायचं ते करून घ्या. तात्या डाव्या हातानं तिचं मनगट धरून एकच शब्द बोलत होते म्हणाली. गाणं.

आता चेष्टा नाही. जबाबदारी माझ्यावर आहे. रोज चार तास.

१६ डिसेंबर
पाऊण तास. पाठ.

२४ डिसेंबर
निवड झाली! एक आवाज पुरेसा नाही हे लक्षात आलं होतंच. तीन एकत्र केले: सनई, त्याखाली वॉर्म पॅड नावाचा ऊबदार गुंजारव, आणि अगदी मागे समुद्र. मी स्वतः ऐकून सुन्न झालो.

विनोदिनीला खुर्चीवर बसवून ऐकवलं. ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, रंगली. मग म्हणाली, आवं, ह्यात मी कुठं? म्हटलं, तू मधोमध. ती म्हणाली, जागाच न्हाई की.

दमली आहे बिचारी. एरवी तिला कळलं असतं.

१ जानेवारी
संकल्प: १) अभंगाची चाल बसवणे. २) इतर संकल्प न करणे.

५ जानेवारी
पहिली ओळ एका बोटानं येते. दुसरी अवघड आहे, तिच्यात काळ्या पट्ट्या आहेत. पहिलीच ओळ दोनदा वाजवली तर चालेल का, असं विनोदिनीला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तुमाला झेपंल तसं करा. इतकं सरळ म्हणाली की मीही एक टॉवेल घडी करायला घेतला.

१४ जानेवारी
तिळगूळ देऊन झाल्यावर रंगीत तालीम. ती पूर्ण अभंग म्हणून उठली तेव्हा मी पहिल्या ओळीच्या शेवटाला होतो. ती फार घाई करते. शिवाय तिनं गाताना माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघितलं. साथीदाराकडं बघायचं असतं.

मी म्हटलं, परत घेऊ. ती म्हणाली, घसा बसलाय. मग मोरीत जाऊन किती तरी वेळ नळ चालू ठेवला. मी काही समजत नाही असं नाही. पण आता माघार घेतली तर तात्यांना काय सांगायचं?

१७ जानेवारी
सातारा स्टँड. अनाउन्समेंट करणारा नवीन मुलगा शब्द खातो. उंब्रजचं उंब झालं. कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो. कराडपर्यंत पाय बधिर. पुढे रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, गाडी गोगलगाय. विनोदिनी खिडकीला डोकं टेकून ओठ हलवत होती. आवाज नव्हता. मी विचारलं, काय म्हणतेस? म्हणाली, काई न्हाई.

आष्ट्याला पोचलो. तात्या ओळखू येत नाहीत इतके वाळलेत. मला बघून काहीतरी म्हणाले. चंद्रावहिनींनी उलगडून सांगितलं, दाजी, यंत्र आणलं का म्हणत्यात. मी म्हटलं, आणलं, तात्या. सहाशे आवाज आहेत. त्यांनी डाव्या हातानं माझा हात दाबला.

झोप येत नाही. त्यांनी दाबला तो हात अजून तसाच वाटतोय.

१८ जानेवारी
झालं.

क्रमानं लिहितो. सकाळी औक्षण झालं. घरचेच, दहाबारा माणसं. तात्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. खाटेशेजारी टेबलावर कीबोर्ड. प्लग लावला तर ढिला, पडतोय. एका हातानं तो भिंतीत दाबून दुसऱ्या हातानं यंत्र चालू केलं. माझं सेटिंग गायब. सनई, पॅड, समुद्र, सगळं. निवडल्यावर स्टोअर नावाचं बटण दाबायचं असतं म्हणे. मॅन्युअलमध्ये असेल. मी टेलिफोनच्या पानापर्यंत आलो होतो.

अंदाजानं दाबत गेलो. ड्रम आले. हेलिकॉप्टर आलं. मग टाळ्या. पोरं हसायला लागली. मी टाळ्या बंद करायला दुसरी पट्टी दाबली, तर आणखी जोरात टाळ्या. विनोदिनी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि जमिनीकडं बघत होती. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नाही.

तेवढ्यात तात्या बोलले. एक शब्द. परत बोलले. चंद्रावहिनी म्हणाल्या, काडी म्हणत्यात. आवं, बिडी बंद केलीया न्हवं डॉक्टरनी? तात्यांनी मान जोरात हलवली आणि विनोदिनीकडं बघितलं.

ती हसली. उठून चुलीजवळून काडेपेटी घेऊन आली. मला म्हणाली, जरा सरका. चुलीपुढनं माणसाला बाजूला करतात तसं गुडघ्यानंच सरकवलं. विचारलं, ह्यात पेटी हाय का? म्हटलं, आहे, पण मी बाद केली होती. म्हणाली, ती लावा. लावली. तिनं चौथी काळी पट्टी दाबली आणि फटीत आगकाडी खोचली. पट्टी दबलेली राहिली. एकच सूर, न हलता.

तात्या बॉर्डरवर असायचे तेव्हा पेटीत अशी काडी खोचून ही एका हातानं भाता मारत गात बसायची. त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

प्लग सुटू लागला, यंत्राचा दिवा लुकलुकला. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, धरा तेवढा. मी भिंतीशी उकिडवा बसून प्लग दाबून धरला. ती गायली. पहिली ओळ, दुसरी, सगळा अभंग, आणि मग तात्यांनी बोटानं खूण केल्यावर परत सगळा.

तात्यांचा उजवा हात पांघरुणावर पडलेला होता. डावा हात हलत होता. मिटायचा, उघडायचा, मिटायचा, उघडायचा. मला वाटलं, ताल धरतायत. मग कळलं. पेटीचा भाता डाव्या हातानं मारतात. ते साथ करत होते.

मला रडू आलं. प्लग सोडता येत नव्हता, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

जेवताना कुणीतरी म्हणालं, दाजी, साऊंड लय झकास. मी जिलेबी खाल्ली.

२० जानेवारी
साताऱ्यात. काल गाडीत ती सबंध रस्ता झोपली, माझ्या खांद्यावर. मी हललो नाही.

आज संध्याकाळी तिनं स्वतःच कीबोर्डवरचं कापड काढलं. काडी अजून पट्टीत आहे. म्हणाली, रोज दिवेलागणीला फोन लावून तात्याला ऐकवणार हाय.

मी विचारलं, मग माझं काम काय?

म्हणाली, प्लग धरा.

म्हटलं, आपल्याकडचा प्लग घट्ट आहे.

जरा विचार करून म्हणाली, मग बसा नुसतं.

बसलो.