शालीच्या घडीतला अर्ज

प्रिय साधे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर फाड, पण निदान शालीपर्यंत वाच. शाल लई भारी आहे.

आपल्या ओढ्यानं जुलैत तुझा शेवटचा पेपर बुडवला आणि तू पुण्याला निघून गेलीस, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटी ठरवलं, ओढ्यावर पायी जाण्यापुरता छोटा पूल, साकव, हवा म्हणून आमदारांना अर्ज करायचा. पहिला अर्ज मी चक्क ओढ्याच्या तोंडून लिहिला. 'माणसं अडवायची मला हौस नाही, पण माझ्या डोक्यावरून जायला कुणी वाटच केली नाही' वगैरे. मला तो जबरदस्त वाटलेला! आपले ग्रामपंचायतीचे धनाजीकाका वाचून म्हणाले, "वड्याचं नाव मतदार यादीत हाय का? मंग त्याला कोण इचारतंय? मानसाच्या नावानं लिव." मग साधा एक पानी लिहिला. खाली माझा मोबाईल नंबर.

आता तो द्यायचा कसा? आमदार एक वेळ मीटिंग चुकवतील, लग्न चुकवत नाहीत. पप्पूदादाच्या लग्नात, कापूरहोळला, सत्काराचं ताट माझ्या हातात होतं. मी अर्ज हळूच शालीच्या घडीत सरकवला. म्हटलं, घरी जाऊन शाल उघडतील, निवांत वाचतील. साधे, पुढारी सत्काराची शाल घरी नेतात का गं? घडी न मोडताच ती खांद्यावर टेकवली, फोटो निघाला, शाल गाडीत गेली. एका लग्नातली शाल पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर पडते, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. मला सोडून.

चार दिवसांनी अनोळखी नंबर. "पोरी, तुजा आर्ज माज्या अंगावर आलाय." वरच्या धनगरवाडीचे गेनबातात्या! शिवरे गावातल्या एका लग्नात आमदारांनी तीच शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. थंडी वाजली म्हणून घरी उघडली, तर कागद पडला. नातीनं वाचून दाखवला. तात्या म्हणाले, "आमची मेंढरंबी त्याच वड्याला आडत्यात. नुसतं कागुद धाडून काय व्हतं? चल, मीबी येतो."

तर काल आम्ही भोरला आमदारांच्या ऑफिसात. तात्या तीच शाल पांघरून, मागं त्यांच्या वाडीतली वीसेक माणसं. आमदार म्हणाले, "तात्या, शाल झ्याक दिसतीय." तात्या म्हणाले, "तुमीच दिलीया, सायेब. आतलं तेवढं वाचायचं ऱ्हायलंय तुमचं." आणि कागद पुढं धरला. अख्खं ऑफिस हसलं. आमदारही हसले, जरा कान लाल करून, आणि सगळ्यांसमोर अर्ज शेवटपर्यंत वाचला. सोमवारी दहा वाजता इंजिनिअरला घेऊन जागा बघायला येतायत. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "ह्यातल्या साधनाताई कुठं आहेत? सोमवारी त्यांनाच उभं करा. मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

हो. अर्ज तुझ्या नावानं आहे. सहीही मीच ठोकली. चुकलं, कबूल. पण माझ्या नावानं काय लिहिणार होते? तुझा पेपर त्या दिवशी होता, माझा दुसऱ्या दिवशी. तू पाण्यात पाय घातलास, तर मी तुझा हात धरून ओरडले, "थांब, तासाभरात उतरेल." उतरलं, पण संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यातून मी चपलासुद्धा न भिजवता पेपरला गेले. त्यावर आपण एकदाही बोललो नाही. तू नुसती निघून गेलीस. अजूनही वाटतं, हात धरला ते बरंच केलं, आणि अजूनही तुला तोंड दाखवायची लाज वाटते. दोन्ही खरं आहे. सोमवारी ये. सहीबद्दल शिव्या दे, आमदारांना सगळं तुझ्या तोंडानं सांग, हवं तर माझं नाव घेऊन सांग. ओढ्याला आता घोटाभर पाणी आहे. मी अलीकडं उभी असेन, हात मागं बांधून.

अजून तरी तुझीच,
नूतन