वॅनिशिंग क्रीमच्या प्रात्यक्षिकात नापास करण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय

विषय : सौंदर्यप्रसाधनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मिळालेले पैकीच्या पैकी गुण रद्द करून, अनुत्तीर्ण झाल्याचा सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : सूचना फलकावरील गुणयादी, वरून पहिले नाव.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार विद्यार्थिनी सविनय सादर करते की,

१. अर्जदार आपल्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असून लहानपणापासून मावशीकडे राहते. मावशी पोस्टाच्या खिडकीवर काम करते. तिच्या उजव्या कानशिलाजवळ काळपट डाग आहे. बोलताना ती त्या बाजूचा गाल तळहाताने झाकून घेते, त्यामुळे खिडकीपलीकडच्यांना वाटते की बाईंची दाढ दुखते आहे. डाग पसरू लागला तर ताबडतोब या, छोटा तुकडा काढून तपासावा लागेल, असे त्वचेच्या डॉक्टरांनी मागेच बजावले होते. ‘तुकडा’ हा शब्द ऐकल्यापासून मावशीने त्या दवाखान्याचा रस्ताच टाकला आहे.

२. सदर प्रात्यक्षिकात अर्जदाराने वॅनिशिंग क्रीम तयार केले. ते गुठळी न होता उत्तम जमले, म्हणून उरलेले डबीत भरून घरी नेले. मावशीने डबी हुंगली आणि विचारले, “याने माझा डाग जाईल का गं?” अर्जदार उत्तरली, “मावशी, अगं नावच वॅनिशिंग आहे!” वास्तविक या शास्त्रात दिसेनासे होते ते क्रीम. ते चोळले की त्वचेवर उमटून राहत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. डाग जागच्या जागी राहतो. अर्जदाराने थट्टा केली होती, मावशीने ती खरी मानली.

३. खुलासा तिथल्या तिथे व्हायला हवा होता. तो का झाला नाही, हे लिहिताना अर्जदारास लाज वाटते. नातेवाइकांत अर्जदाराच्या शिक्षणाला ‘पावडर-लिपस्टिकचं कॉलेज’ म्हणतात. हे नाव मामांनी पाडले. त्या संध्याकाळी मावशीने मामांना फोन लावला व ठणकावून सांगितले, “आपल्या पोरीनं स्वतःच्या हातानं औषध केलंय, औषध!” तो शब्द अर्जदाराच्या कानाला गोड लागला आणि ती गप्प बसली.

४. इथपर्यंत दोष केवळ गप्प बसण्याचा होता. पुढच्या खेपेस अर्जदाराने कृतीत नसलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड क्रीममध्ये घातली. ही पूड खालचा रंग झाकते. डाग काही तास फिका दिसतो, तोंड धुतले की पुन्हा हजर. मावशी आरशासमोर उभी राहून म्हणाली, “बघ, उतरतोय!” त्यावर अर्जदार “हो की” म्हणाली. हल्ली मावशी गालावर हात ठेवत नाही. दोन्ही हात मोकळे झाल्याने खिडकीवरची रांग भराभर सरकते, असे तिच्या साहेबांनीही बोलून दाखवले. ती ऑफिसातल्या गमती रंगवून सांगते तेव्हा अर्जदार पाण्याचे निमित्त करून ताटावरून उठते.

५. क्रीम लावून देण्याचे काम अर्जदाराकडेच आहे. परवा लावताना बोटाला डागाची कड लागली. पूर्वी ती लागत नसे. डाग पसरला आहे व त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत. पुडीमुळे हे मावशीच्या ध्यानात येत नाही. अर्जदाराने डॉक्टरांचे नाव काढताच ती म्हणाली, “घरचं औषध लागू पडतंय, मी कशाला तुकडे पाडून घेऊ?” या क्रीममध्ये औषधी असे काहीच नाही, असे अर्जदाराने चाचरत सांगून पाहिले. मावशी हसली. “मग सरांनी पैकीच्या पैकी उगाच दिले? तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.” पुडीची गोष्ट मात्र अर्जदाराने तेव्हाही पोटातच ठेवली.

६. सबब विनंती की, अर्जदाराचे गुण तात्काळ रद्द करावेत. दाखल्यावर ‘या मुलीस क्रीम करता येत नाही’ असे ठळक अक्षरांत नमूद करावे, कारण मावशीचा चष्मा जुना आहे. मावशी एखाद्या कागदाने बधणारी नसल्याने, आपण स्वतः पाकिटे घेण्याच्या निमित्ताने तिच्या खिडकीवर जाऊन ही बाब तिच्या कानावर घातलीत तर फार उपकार होतील. तिकडे दुपारी गर्दी कमी असते. अर्जदाराचे वर्ष वाया गेले तरी तिची तक्रार नाही. महाविद्यालयाच्या लौकिकास यामुळे धक्का बसणार असल्यास, अर्जदार प्रथमपासूनच ढ होती असे जाहीर करण्यास तिची लेखी संमती समजावी.

आपल्या महाविद्यालयाची अपराधी विद्यार्थिनी,
(सही)
तृतीय वर्ष

दिनांक : निकालानंतरचा सोमवार

सोबत : क्रीमची अर्धी डबी. कृपया कोणी लावू नये.

ता. क. : हा अर्ज इथल्या कार्यालयाच्या खिडकीवर दाखल करताना समजले की, महाविद्यालयात गुण वाढवून देणारी समिती आहे, कमी करणारी नाही, आणि आहे ती समितीसुद्धा सत्र संपल्यावरच बसते. डाग तोवर थांबणार नाही. अर्जदाराने जिन्यात बसून विचार केला. जे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, ते आपल्या शिक्क्याकडून वदवून घ्यायला ती निघाली होती, असे तिला कळून आले. सबब वरील सर्व मागण्या मागे घेत असून उद्या दिवसभराची रजा तेवढी मंजूर व्हावी. सकाळी मावशीला डॉक्टरांकडे न्यायचे आहे. ती रडेल, कदाचित बोलणे टाकेल, पण येईल. आज घरी गेल्यावर तिला काय सांगणार, असे आपण विचाराल. आपणास वर जे लिहिले आहे तेच सगळे, पुडीसकट. फक्त त्यातले ‘सदर’ आणि ‘सबब’ वगळून.